बर्फाखालची रेषा

पीर पंजालच्या पोटातून जाणारा अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे. जानेवारीतल्या संध्याकाळी मनालीहून केलाँगकडे निघालेला टॅक्सीचालक या बोगद्यात शिरला, की त्याला जवळजवळ दहा मिनिटांची निश्चिंती लाभते. माथ्यावर दिव्यांची ओळ असते, पायाखाली कोरडा रस्ता असतो आणि त्या रस्त्यावर रंगाचे पट्टे स्पष्ट दिसत असतात. गाडी कुठे ठेवायची हे ते पट्टेच सांगतात, चालकाला त्याचा वेगळा विचार करावा लागत नाही.

मग उत्तरेचे तोंड येते. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, सिस्सू गावाच्या अलीकडे, बोगदा त्याला लाहौलच्या हवाली करतो. बाहेर बर्फ पडत असेल तर एका क्षणात रस्ता, कडा, उतार आणि आकाश यांचा रंग एकच होतो. पट्टे संपलेले नसतात, ते खाली कुठेतरी असतात. खाली चंद्रा नदीही असते. रस्त्याची कड कुठे संपते आणि नदीकडचा उतार कुठे सुरू होतो, एवढे एकच त्या घटकेला जाणून घ्यायचे असते आणि तेवढेच दिसत नसते.

अशा वेळी चालक पुढच्या वाहनाच्या चाकांनी बर्फात उमटवलेल्या खुणा धरतो. मराठीत या खुणेला फार जुना शब्द आहे : चाकोरी. चाकोरी मदतीला येते, पण ती पुढे गेलेल्याची चूकही तितक्याच इमानाने जपून ठेवते. पहिला चालक हातभर कडेला सरकला असेल, तर मागचे दहाजण हातभर कडेलाच सरकतात. रस्त्यावरची रेषा माणसाला या परावलंबनातून सोडवण्यासाठी आली. हिवाळा तिला नेमका त्याच कामात कसा हरवतो आणि तिला टिकवण्याचे कोणते मार्ग विज्ञानाने शोधले आहेत, हे समजून घेण्यासारखे आहे.

या रेषेचा एक जन्म हिमप्रदेशातलाच आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील वेन परगण्याचे रस्ते-आयुक्त एडवर्ड हाइन्स यांनी १९११ मध्ये ट्रेंटन येथील रिव्हर रोडवर मधोमध पांढरी रेषा रंगवून घेतली. गळक्या दुधाच्या गाडीने रस्त्यावर ओढलेली पांढरी धार पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगितली जाते. तेव्हाची वाहने संथ होती आणि रात्रीचा प्रवास मोजका होता. रंग दिसला म्हणजे काम झाले, इतका साधा तो मामला होता. वाहनांचा वेग वाढला, रात्रीची वाहतूक वाढली आणि रेषा दिवसा दिसणे पुरेसे नाही हे लक्षात आले.

रात्री रेषा का दिसते, याचे उत्तर रंगात कमी आणि काचेत अधिक आहे. गाडीचा दिवा जमिनीपासून साधारण ६५ सेंटीमीटर उंचीवर असतो. त्याचा प्रकाश तीस मीटर पुढच्या रस्त्यावर पडतो तेव्हा जमिनीशी सव्वा अंशाचाच कोन करतो, म्हणजे तो रस्त्याला जवळजवळ घासत जातो. गुळगुळीत पृष्ठभागावरून असा प्रकाश पुढे निघून जाईल. चालकाकडे तो परत यायचा तर त्याला आल्या वाटेने माघारी फिरवणारे काहीतरी हवे. या गुणाला रेट्रोरिफ्लेक्शन म्हणतात आणि रस्त्यावर ते काम काचेचे बारीक मणी करतात.

साखरेच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान असलेले हे मणी ओल्या रंगावर शिंपडतात. मण्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग रंगात रुतलेला आणि उरलेला हवेत उघडा, ही त्याची आदर्श बैठक. प्रकाश उघड्या बाजूने आत शिरतो, काचेत वाकतो, मागच्या बाजूला चिकटलेल्या पांढऱ्या रंगावर लहानशा ठिपक्यात पडतो, तिथून विखुरतो आणि त्याच गोलाकार भिंगातून पुन्हा दिव्याच्या दिशेने बाहेर येतो. चालकाचे डोळे दिव्यापासून फार दूर नसल्यामुळे त्यातला बराच वाटा त्यांना मिळतो. मणी पूर्ण बुडाला तर प्रकाश आत जात नाही, फारच वर राहिला तर पहिल्या घासणीत निखळतो. रेषेचे सारे तेज अशा रीतीने मिलीमीटरच्या अंशावर तोललेले असते.

आता या मण्यावर पाण्याचा पातळ थर चढला असे समजू. बर्फ हटवल्यानंतर रस्ता कोरडा होत नाही. कडेचे बर्फ दिवसभर वितळत राहते आणि ते पाणी रस्त्यावरून वाहते. नेत्रदीपक हिमवर्षाव संपल्यानंतरची ही ओली, काळी अवस्था अधिक काळ टिकते आणि रेषा खऱ्या अर्थाने तेव्हाच हवी असते.

पाणी दोन प्रकारे घात करते. पहिला घात पृष्ठभागावर होतो. सव्वा अंशाच्या कोनाने आलेला प्रकाश सपाट पाण्यावर पडला, तर हिशेबाने त्यातला ८५ टक्क्यांहून अधिक भाग आरशासारखा पुढे परावर्तित होतो. मण्यापर्यंत पोहोचतो तो केवळ उरलेला अंश. म्हणून ओल्या रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे रस्त्यावर लांबच लांब चमकतात आणि स्वतःच्या दिव्याने उजळायला हवा तो पट्टा मात्र हरवतो.

दुसरा घात मण्याच्या आत होतो. साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. हवेत असलेल्या अशा मण्यात शिरलेले किरण त्याच्या पाठीमागे, त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर, एकत्र येऊ पाहतात. रंग पाठीलाच चिकटलेला असल्यामुळे तिथे पडणारा ठिपका बऱ्यापैकी लहान असतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. मणी पाण्यात बुडाला की काच आणि भोवतालचे माध्यम यांतला फरक घटतो, किरण कमी वाकतात आणि त्यांचा केंद्रबिंदू मण्याच्या मागे सुमारे साडेतीन त्रिज्यांइतका दूर जातो. ठिपका पसरतो, परतीचा प्रकाश विखुरतो. मणी जागेवर असतो, रंगही शाबूत असतो, तरी रेषा मावळते.

याचा पडताळा घेणे अवघड नाही. रात्री गृहसंकुलाच्या किंवा महाविद्यालयाच्या रिकाम्या वाहनतळावर, जिथे वाहतूक नाही अशा ठिकाणी, नव्या पट्ट्यापासून दहा-पंधरा पावले दूर उभे राहून विजेरी डोळ्याच्या अगदी शेजारी धरावी. पट्टा झगझगतो. तीच विजेरी हात लांब करून बाजूला धरली की चमक उतरते, कारण प्रकाश विजेरीकडे परततो, डोळ्यांकडे नाही. मग पट्ट्यावर तांब्याभर पाणी ओतून पुन्हा पाहावे. प्रकाशशास्त्राच्या धड्यातील अपवर्तन तिथे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा चटकन उमजते.

पाण्यावरचा उपाय ठाऊक आहे. मणी मोठे घेतले तर त्यांचा माथा पाण्याच्या थराबाहेर राहतो. पट्टा सपाट न करता त्यावर उंचवटे ठेवले तर पाणी खाचांतून निघून जाते आणि उंचवट्यांच्या उभ्या बाजू प्रकाश परत पाठवतात. काचेऐवजी किंवा काचेबरोबर अधिक अपवर्तनांकाचे कण वापरले तर पाण्याखालीही किरण पुरेसे वाकतात. पावसाळी प्रदेशात या युक्त्या उपयोगी पडतात. हिमप्रदेशात मात्र तिथेच पेच उभा राहतो : पाण्यावर मात करण्यासाठी जे जे रस्त्याच्या वर उचलावे, ते ते बर्फ हटवणारे पाते सर्वांत आधी खरवडून नेते.

पोलादी पाते रस्त्याला लागूनच फिरवावे लागते, नाहीतर खाली उरलेला थर रात्रीत गोठून काचेसारखा होतो. हिमालयात स्नो कटर आणि डोझर हे काम करतात. त्यांच्यामागून येणाऱ्या वाहनांच्या चाकांना लोखंडी साखळ्या असतात. घसरण थांबावी म्हणून रेती टाकली असेल, तर प्रत्येक चाकाखाली ती पॉलिश कागदासारखी घासते. साध्या मिठाने बर्फ वितळवावे म्हटले, तर उणे दहा अंशांच्या खाली त्याचा प्रभाव फारच मंदावतो. या सर्वांत चिवट शत्रू पुन्हा पाणीच. पट्टा आणि डांबर यांमधल्या बारीक फटीत ते शिरते, गोठताना आकारमानाने सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, दुपारी वितळते आणि आणखी थोडे आत जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये जिथे दिवसा ऊन आणि रात्री गोठण असते, तिथे हे रोज घडते. एके दिवशी पट्ट्याचा तुकडा खपलीसारखा उचलून येतो.

भारतीय महामार्गांवर सर्रास वापरला जातो तो थर्मोप्लास्टिक रंग. राळ, टायटॅनियम डायऑक्साइड, कॅल्शियम कार्बोनेट आणि काचेचे मणी यांचे हे मिश्रण दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास वितळवून रस्त्यावर ओततात. थंड होताच तो घट्ट होतो. केंद्रीय विनिर्देशांनुसार त्याची जाडी २.५ मिलीमीटर असते आणि वरून दर चौरस मीटरला २५० ग्रॅम मणी शिंपडले जातात. मैदानी प्रदेशात हा पदार्थ उत्तम काम देतो. पण राळेचा स्वभाव तापमानाप्रमाणे बदलतो. राजस्थानच्या उन्हात मऊ न पडण्याइतकी कणखर असलेली राळ लडाखच्या थंडीत ठिसूळ होण्याची धास्ती असते. शिवाय अडीच मिलीमीटरची ही जाडी रस्त्याच्या वर असते, म्हणजे पात्याच्या वाटेत. टिकाऊपणासाठी थर वाढवावा, तर पात्याला पकडायला आणखी कड मिळते.

बर्फाळ देशांनी याचे उत्तर उलट्या दिशेने शोधले. त्यांनी रेषा वर चढवण्याऐवजी खाली उतरवली. हिऱ्याच्या धारेच्या चकत्यांनी रस्त्यात काही मिलीमीटर खोल चर काढायचा, तो स्वच्छ आणि कोरडा करायचा आणि रेषा त्या चरात बसवायची, तीही अशी की तिचा माथा रस्त्याच्या पातळीपेक्षा किंचित खालीच राहील. पाते वरून निघून जाते, रेषा वाचते. अलास्कासारख्या प्रदेशात अशा चरांमध्ये मिथाइल मेथाक्रिलेट हा दोन घटकांचा पदार्थ भरतात. तो वितळवावा लागत नाही, दोन घटक एकत्र आले की रासायनिक क्रियेने घट्ट होतो आणि थंडीतही चिवट राहतो.

रस्त्यात बसवलेल्या परावर्तकांची कथाही हेच सांगते. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये ‘कॅट्स आय’चे पेटंट घेतले. त्यातले काचेचे डोळे रबराच्या घरात बसवलेले होते. वरून चाक गेले की ते खाली दबत आणि दबताना पुसलेही जात. कॅलिफोर्नियातील रस्त्यांवर एल्बर्ट बॉट्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोल उंचवट्यांना मात्र ही माघार घेण्याची सोय नव्हती, त्यामुळे बर्फ पडणाऱ्या भागांत त्यांचा उपयोग झाला नाही. पाते एका फेरीत त्यांना उखडते. हिवाळ्यात टिकायचे तर लवायला तरी हवे, नाहीतर लपायला तरी.

चराचा उपाय जसाच्या तसा हिमालयात आणणे शहाणपणाचे ठरेलच असे नाही. चर पाणी साठवतो आणि पाणी गोठते. डांबराचा थर पातळ किंवा भेगाळलेला असेल तर रेषा वाचवण्यासाठी काढलेली खाच रस्त्यालाच इजा करील. शिवाय दरड आणि हिमस्खलन यांच्या टप्प्यात रस्ताच जिथे वारंवार नव्याने बांधावा लागतो, तिथे महागडी रेषा खर्चून हाती काय राहणार? बोगद्यांचे जोडरस्ते, भक्कम पायाचे नवे मार्ग, पूल आणि वस्तीजवळची वळणे अशा निवडक जागांसाठी ती योग्य ठरू शकते. बाकीच्या रस्त्याला वेगळा आधार हवा.

कारण रेषा कितीही उत्तम असली तरी हातभर बर्फाखालून ती दिसणार नाही. रंगाची मर्यादा तिथे संपते. जपानच्या होक्काइडो बेटावर रस्त्याच्या कडेच्या खांबांवर लाल-पांढरे बाण टांगलेले असतात, टोक खाली करून. रस्त्याची कड नेमकी कुठे आहे ते हे बाण वरून दाखवतात. नॉर्वेत हिवाळा लागण्यापूर्वी कडेने उंच काठ्या रोवतात, त्यांवर परावर्तक पट्ट्या असतात. चालकाइतकाच त्यांचा आधार बर्फ हटवणाऱ्या यंत्रचालकालाही असतो, कारण सर्वांत आधी आणि पूर्ण आंधळेपणाने त्या रस्त्यावर उतरतो तो तोच.

रंगाच्या निवडीतही एकमत नाही. पांढऱ्या बर्फावर पिवळा रंग उठून दिसतो, हे सहज पटणारे आहे आणि नॉर्वेत रस्त्याची मधली रेषा पिवळी असते. तितक्याच थंड फिनलंडने मात्र २०२० मध्ये लागू झालेल्या वाहतूक कायद्यानुसार पिवळ्या मध्यरेषा सोडून पांढऱ्याकडे वळण्याचे ठरवले. दिव्यांच्या उजेडात पांढरा पट्टा सामान्यतः अधिक प्रकाश परत करतो, ही त्याची जमेची बाजू. दिवसाचा बर्फ आणि रात्रीची ओल या दोहोंना एकच रंग सारखाच उपयोगी पडत नाही, एवढे या दोन देशांच्या निवडीवरून दिसते.

भारतातला हिवाळा पर्वतांपुरता नाही. डिसेंबर-जानेवारीत पंजाबपासून बिहारपर्यंत धुके उतरते. दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की भारतीय हवामान विभाग त्याला दाट धुके म्हणतो आणि ५० मीटरच्या खाली गेली की अतिदाट. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पन्नास मीटर अंतर तीन सेकंदांत कापते. मोठे दिवे लावले तर धुक्याचे थेंब तो प्रकाश डोळ्यांतच परत टाकतात. अशा वेळी गाडीपुढचा दहा-वीस मीटर पट्टा एवढीच चालकाची भूमी असते.

या धुक्याचा अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून ‘वायफेक्स’ या मोहिमेतून दिल्लीच्या विमानतळावर चालवला आहे. त्यातून धुके केव्हा दाटेल आणि केव्हा विरेल याचे अंदाज सुधारावेत हा हेतू. वैमानिकाला हा अंदाज मिळतो, धावपट्टीवर दिव्यांच्या रांगा मिळतात, उपकरणे मिळतात. त्याच पहाटे बाजूच्या महामार्गावरून ऊस किंवा सिमेंट घेऊन जाणाऱ्या ट्रकचालकाला वीतभर रुंदीचा पट्टा मिळतो, तोही पुसट झालेला नसेल तर. पट्टा शाबूत ठेवणे हा या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत स्वस्त भाग आहे.

मग तो पुसट का राहतो? पदार्थ मिळत नाहीत म्हणून नव्हे. रेषेची खरी परीक्षा कोणत्या दिवशी घ्यायची, हा मूळ प्रश्न आहे. रेषा आखली त्या दिवशी तिची जाडी, रुंदी, पांढरेपणा मोजणे सोपे असते आणि देयक मंजूर होण्यासाठी ते आवश्यकही असते. पण नव्या कोरड्या रेषेचे तेज पाहून तिचा हिवाळा कळत नाही. रेट्रोरिफ्लेक्शन मोजण्याचे एकक मिलिकँडेला प्रति चौरस मीटर प्रति लक्स असे लांबलचक आहे, त्याचे यंत्र मात्र हातात धरण्याजोगे असते आणि गाडीला जोडून चालत्या वाहनातूनही मोजणी करता येते. अमेरिकेने २०२२ मध्ये नियम केला की ताशी ३५ मैल किंवा अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यांवर, काही अपवाद वगळता, हे मूल्य ५० च्या खाली जाऊ न देण्याची पद्धत रस्ते-यंत्रणांनी ठेवावी. या नियमातला महत्त्वाचा भाग आकडा नव्हे. रेषा केवढी चांगली आखली याऐवजी ती किती दिवस दिसत राहिली, याचा हिशेब त्यात मागितला आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्यांवरील खुणांविषयीची आपली संहिता २०१५ मध्ये सुधारली. देशाकडे नियमांचे पुस्तक आहे, केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेसारखी प्रयोगशाळा आहे आणि जगातल्या सर्वांत उंच रस्त्यांवर दरवर्षी बर्फ कापत जाणारी सीमा रस्ते संघटना आहे. या तिघांच्या मध्ये एक साधी नोंदवही असू शकते : बर्फ हटल्यावर, वसंतात, तेच पट्टे, त्याच जागी, एकदा कोरडे आणि एकदा ओले मोजायचे. कोणत्या वळणावर काय उरले, साखळ्यांनी किती खाल्ले, पाण्याने किती उचलले, हे चार-पाच हिवाळ्यांत आपोआप समोर येईल. कुठे चर काढायचा, कुठे खांब रोवायचे आणि कुठे साधा रंग दरवर्षी देत राहणेच बरे, हे मग आयात केलेल्या माहितीपत्रकावरून ठरवावे लागणार नाही.

पर्वतात त्यासाठी मुदतही थोडीच मिळते. पट्टा धरून राहायचा तर रस्ता कोरडा आणि पुरेसा उबदार हवा. वितळणे थांबल्यापासून पहिल्या गोठणीपर्यंतचे काही महिनेच तसे असतात, त्यातही पीर पंजालच्या दक्षिणेला पाऊस वाटा मागतो. मोजणी उशिरा झाली की आखणी उशिरा होते, आणि ओल्या थंड डांबरावर घाईने ओतलेला पट्टा पुढच्या मार्चपर्यंत पोहोचत नाही.

तोवर सिस्सूजवळचा तो चालक बोगद्यातून बाहेर पडताना आपली जुनी रीत पाळतो. वेग कमी करतो, काच खाली करून नदीच्या बाजूला डोके काढतो आणि बर्फात कुठे काळे डांबर दिसते का ते पाहतो. पुढे एक चाकोरी गेलेली असते. ती बरोबर गेली आहे असे धरून तो तिच्यात चाक घालतो.